शेजारच्या पबचं लायसन्स रिव्ह्यूला न्यायचं तर: इंग्लंड-वेल्समधल्या रहिवाशांसाठी

महाराष्ट्रात परमिट रूमच्या परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि त्याचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये पब, बार किंवा नाइटक्लबला मिळणारं प्रिमायसेस लायसन्स सहसा संपतच नाही. मालक दरवर्षी फी भरतो आणि लायसन्स चालू राहतं. ‘पुढच्या वेळी नूतनीकरणाला हरकत घेऊ’ म्हणून थांबलात तर ती पुढची वेळ येणारच नाही. तुमच्या हातात असलेला ब्रेक म्हणजे लायसन्सचा रिव्ह्यू, म्हणजे कौन्सिलला ते लायसन्स पुन्हा तपासायला लावणं. लायसन्सिंग ॲक्ट २००३ च्या कलम ५१ खाली तो मागता येतो.

तो कुणालाही मागता येतो. पूर्वी ‘परिसरात राहणारा’ असण्याची अट होती, २०१२ पासून ती गेली. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे ग्लासगोत किंवा एडिंबरात राहणाऱ्यांनी खालची कलमं जशीच्या तशी वापरू नयेत.

एक सवय मात्र आधीच बाजूला ठेवा. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका एकत्र येतात, सह्या गोळा होतात, मतदान होतं आणि ‘आडवी बाटली’ जिंकली की दुकानाला कुलूप लागतं. ती ताकद डोक्यांच्या संख्येत असते. इथल्या रिव्ह्यूत डोकी मोजत नाहीत. दोनशे सह्यांच्या निवेदनापेक्षा तारीखवार नोंदी असलेली तीन घरांची तीन पत्रं जास्त वजनदार ठरतात. सगळी मेहनत त्या नोंदींवर घ्यायची आहे.

आधी लायसन्स वाचून काढा

प्रत्येक कौन्सिलला लायसन्सचं रजिस्टर ठेवावं लागतं आणि ते सगळ्यांसाठी खुलं असतं. बऱ्याच कौन्सिलांच्या वेबसाइटवर पबचं नाव किंवा पोस्टकोड टाकला की नोंद सापडते. पूर्ण लायसन्स दिसत नसेल तर लायसन्सिंग टीमला ईमेल करून ‘पार्ट ए, सगळ्या ॲनेक्ससह’ मागा. पबच्या भिंतीवर लावलेला कागद हा नुसता सारांश असतो, त्यावर अटी नसतात.

लायसन्समध्ये चार गोष्टी शोधा. दारू विकायची, संगीत वाजवायचं आणि दार बंद करायचं या तिन्हींच्या वेळा वेगवेगळ्या असू शकतात, त्या टिपून घ्या. डेझिग्नेटेड प्रिमायसेस सुपरवायझर, म्हणजे डीपीएस, कोण आहे ते पाहा, कारण रोजच्या कारभाराची जबाबदारी त्याची. ॲनेक्स २ मध्ये मालकाने अर्ज करतानाच कबूल केलेल्या अटी असतात, ॲनेक्स ३ मध्ये कौन्सिलने सुनावणीनंतर घातलेल्या. अनेकदा ‘रात्री ११ नंतर खिडक्या बंद’ ही अट ॲनेक्स २ मध्ये आधीच असते आणि कुणीच पाळत नसतं. तसं असेल तर तुमचं काम अर्धं झालं, कारण लायसन्सची अट मोडणं हा कलम १३६ खाली गुन्हा आहे.

पुढचा मुद्दा माहीत नसल्यामुळे कित्येक तक्रारी फुकट जातात. जागेवरच दारू प्यायला देण्याचं लायसन्स असलेल्या ठिकाणी सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात, ५०० पर्यंत प्रेक्षकांसाठी वाजवलेल्या संगीताला लाइव्ह म्युझिक ॲक्ट २०१२ मुळे आणि नंतरच्या सुधारणांमुळे बहुतेक वेळा वेगळी परवानगी लागत नाही. इतकंच नाही, लायसन्सवर संगीताबद्दल असलेल्या अटीही त्या वेळात लागू होत नाहीत. म्हणजे नॉइज लिमिटरची (संगीताचा आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या यंत्राची) अट कागदावर आहे, पण रात्री ९ वाजता ती झोपलेली आहे. तिला जागं करण्याचा रस्ता रिव्ह्यूतच आहे. कलम १७७ए खाली रिव्ह्यू ऐकणारी कौन्सिलरांची समिती ‘ही अट या वेळातही लागू राहील’ असं लिहू शकते. तुमचा त्रास संध्याकाळचा असेल तर अर्जात हे कलम नावानिशी मागा. तुम्ही मागितलं नाही तर समिती आपणहून ते करेल याची खात्री नाही.

आणखी दोन कागद तपासा. एखाद्या शनिवारी पब पहाटे ३ पर्यंत चालला असेल तर त्या रात्रीपुरती टेम्पररी इव्हेंट नोटीस दिलेली होती का? अशा नोटिशीवर फक्त पोलीस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थ (आवाज वगैरेच्या तक्रारी बघणारा कौन्सिलचा विभाग) हरकत घेऊ शकतात, शेजाऱ्यांना तो हक्क नाही. (आपली मंडळं दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल घेऊन बार लावतात तेव्हा याच नोटिशीवर लावतात.) आणि फुटपाथवरची टेबलं हा त्रास असेल तर त्यांचं पेव्हमेंट लायसन्स वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या अटींवर दिलेलं असतं. ती तक्रार तिकडेही करा.

कशावर बोलायचं, कशावर नाही

कायद्यात चार उद्दिष्टं आहेत: गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं आणि मुलांना अपायापासून जपणं. तुमचं प्रत्येक वाक्य या चारांपैकी एकाला जाऊन टेकलं पाहिजे. पार्किंग मिळत नाही, घराची किंमत पडली, या रस्त्यावर आधीच पाच पब आहेत, मुळात दारूच वाईट: यातलं काहीही समिती विचारात घेत नाही. उलट असं एक वाक्य अर्जात आलं की मालकाचा वकील तेवढंच उचलतो आणि ‘यांना पबच नको आहे’ असं चित्र उभं करतो.

दुसरी मर्यादा अंतराची. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार पबच्या लगतच्या भागापलीकडे माणसं जे करतात ती त्यांची स्वतःची जबाबदारी. दोन गल्ल्या सोडून कुणी तुमच्या कुंपणावर लघवी केली तर ती पबच्या खात्यावर टाकणं अवघड आहे. तोच माणूस पबच्या दारातून बाहेर पडून समोरच्या भिंतीशी गेला आणि दारावरचा बाउन्सर बघत उभा राहिला, तर ती पबची बाब झाली. म्हणून नोंद करताना ‘कुठून आला’ हे नेहमी लिहा.

डायरी: सगळं हिच्यावर उभं राहतं

किमान चार ते सहा आठवडे रोज नोंद ठेवा. त्रास नसलेल्या रात्रीही लिहा. ‘गुरुवार, पब चालू, आवाज नाही’ अशी ओळ मध्ये असली की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. प्रत्येक रात्री ‘असह्य’ लिहिणाऱ्याचं कुणी मनावर घेत नाही.

वाईट नोंद अशी असते: ‘शनिवारी रात्रभर भयंकर गोंगाट, झोप नाही.’

चांगली नोंद अशी:

‘शनिवार, १४ जून. रात्री ११:४७ ते १२:३५. मागची बेडरूम, खिडकी बंद, डबल ग्लेझिंग. ढोलासारखा बास, गादीला हात लावला तर ठोका जाणवतो. गाण्याचे शब्द ऐकू येतात. खिडकीतून पाहिलं: पबचं मागचं दार विटेला टेकवून उघडं ठेवलेलं, बाहेर १२-१५ माणसं, चौघांच्या हातात ग्लास, स्टाफ कुणी नाही. १२:०२ ला पबला फोन केला, कुणी उचलला नाही. १२:०५ ला कौन्सिलच्या नॉइज टीमला फोन, संदर्भ क्रमांक घेतला. १२:३५ ला दार बंद केलं, बास लगेच कमी झाला. मुलगा दोनदा उठला.’

या नोंदीतली सगळ्यात मोलाची ओळ शेवटून दुसरी. दार बंद केलं आणि आवाज कमी झाला, म्हणजे त्रासाचं कारण आणि त्याचा उपाय दोन्ही एका ओळीत आले. ती विटेची ओळही जपा, कारण ‘दारं आपोआप मिटतात, आम्ही उघडी ठेवत नाही’ हे उत्तर सुनावणीत हमखास येतं.

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचे आकडे डायरीत लिहायला हरकत नाही, पण सगळी मदार त्यांवर ठेवू नका. फोनचा माइक कॅलिब्रेट केलेला नसतो, ही एक अडचण. मोठी अडचण बासची आहे. नेहमीच्या ए-वेटेड मोजमापात खालच्या पट्टीतला आवाज कमी धरला जातो, त्यामुळे पलंग थरथरत असताना आकडा मात्र गरीब दिसतो. म्हणून शब्दांत लिहा: शब्द कळतात का, ठोका जाणवतो का, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो का. अनेक कौन्सिलं छोट्या रेकॉर्डिंगसाठी स्वतःचं ॲप देतात किंवा घरात मोजणीचं यंत्र लावतात. यंत्र मागाच. ज्या आठवड्यात ते लागतं त्या आठवड्यात पब अचानक शहाणा होतो असं पुष्कळदा घडतं, म्हणून ते कधी लागणार हे शेजारीपाजारी बोलू नका.

व्हिडिओ काढताना खिडकीतून, झूम न करता, सलग काढा. सुरुवातीला घड्याळ दाखवा. पबच्या दारात जाऊन लोकांच्या तोंडासमोर फोन धरणं धोक्याचं, आणि त्यातून मिळणाऱ्या भांडणाचा पुरावा तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

एन्व्हायर्नमेंटल हेल्थकडे तक्रार समांतर चालू ठेवा. आवाज ‘स्टॅच्युटरी न्यूसन्स’ (कायद्याच्या व्याख्येत बसणारा उपद्रव) आहे अशी त्यांची खात्री झाली तर एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्ट १९९० च्या कलम ८० खाली ते नोटीस काढतात. ती निघाली तर रिव्ह्यूत तुमच्या बाजूने एक अधिकारी उभा राहिला असं समजा. न निघाली तरी वाट बंद होत नाही, कारण लायसन्सिंगमधला ‘सार्वजनिक उपद्रव’ त्याहून व्यापक आहे. एक-दोन घरांना होणारा त्रासही त्यात बसू शकतो. अधिकाऱ्याने ‘स्टॅच्युटरी न्यूसन्स आढळला नाही’ असं पत्र दिलं म्हणून हातपाय गाळू नका. पण ते पत्र लपवूही नका, समोरचा ते काढणारच.

मारामारी, ड्रग्ज आणि पोलिसांचा भाग

घडत असताना ९९९, नंतर १०१ किंवा पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म. प्रत्येक वेळी संदर्भ क्रमांक घ्या आणि डायरीत लिहा. नाव द्यायची भीती वाटत असेल तर निनावी माहिती घेणारी क्राइमस्टॉपर्स ही संस्था आहे. पण तिथं दिलेली माहिती तुम्हाला पुढे पुरावा म्हणून दाखवता येत नाही, हे लक्षात घ्या.

पोलिसांच्या संकेतस्थळावरचा गुन्ह्यांचा नकाशा बघून लोक खूश होतात: ‘पबवर २३ गुन्हे!’ त्या नकाशावरचे ठिपके मुद्दाम जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेले असतात, नेमका पत्ता ते दाखवत नाहीत. त्यावरून पबला दोषी धरलं की वकील एका प्रश्नात ते पाडतो. त्याऐवजी माहिती अधिकारासारखाच इथला फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनचा अर्ज करा: ‘गेल्या २४ महिन्यांत या पत्त्यावर आलेले कॉल, महिनावार, प्रकारवार.’ उत्तराची मुदत कामाचे २० दिवस. पोलीस काही भाग नाकारतील, पण कौन्सिलकडे आलेल्या तक्रारींची संख्या बहुधा मिळते. अर्ज डायरीच्या पहिल्याच आठवड्यात टाका, नाहीतर उत्तर सुनावणी झाल्यावर येईल.

कुणाला शिक्षा झालेली नाही, मग गुन्ह्याचा मुद्दा कसा मांडायचा, असा प्रश्न पडतो. ईस्ट लिंडसे कौन्सिलच्या प्रकरणात हायकोर्टाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं की गुन्हे रोखण्याच्या उद्दिष्टासाठी खटला किंवा शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. समिती पुढे काय होऊ शकतं हे बघते. मात्र नुसती शंका पुरत नाही. विरलच्या थ्वेट्स प्रकरणात (२००८) पुराव्याशिवायच्या भीतीवर घेतलेला निर्णय कोर्टाने रद्द केला होता. आजही वकील ते प्रकरण काढतात.

गंभीर गुन्हा किंवा गंभीर बेशिस्त असेल तर पोलिसांकडे वेगळं हत्यार आहे, कलम ५३ए खालचा समरी रिव्ह्यू. सुपरिंटेंडंट किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, ४८ तासांत कौन्सिल तात्पुरती पावलं उचलण्याचा विचार करते आणि २८ दिवसांत पूर्ण सुनावणी होते. लंडनमधला फॅब्रिक हा क्लब याच मार्गाने बंद झाला. ड्रग्जमुळे दोन तरुणांचे मृत्यू झाल्यावर इझलिंग्टन कौन्सिलने सप्टेंबर २०१६ मध्ये त्याचं लायसन्स रद्द केलं. नोव्हेंबरमध्ये अपिलाआधीच तडजोड झाली, आणि ओळखपत्र स्कॅनिंगसारख्या कडक अटींवर जानेवारी २०१७ मध्ये क्लब पुन्हा उघडला. इतकं गंभीर प्रकरण, तरी शेवट कुलपाऐवजी अटींवर झाला. तुमच्या गल्लीतल्या पबचा शेवटही बहुधा तिथंच होणार आहे, तेव्हा अर्जाची तयारी त्या हिशोबाने करा.

अर्जाआधी

पबच्या मॅनेजरला एक सभ्य ईमेल पाठवा. तीन-चार तारखा, काय झालं, काय हवं. दोन आठवडे थांबा. त्याने सुधारणा केली तर उत्तमच. केली नाही तर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ हे उत्तर बंद झालं. मग लायसन्सिंग ऑफिसरला तेच ईमेल जोडून कळवा आणि थेट विचारा: तुम्ही, एन्व्हायर्नमेंटल हेल्थ किंवा पोलीस स्वतः रिव्ह्यू आणणार आहात का? अधिकाऱ्यांनी आणलेला रिव्ह्यू रहिवाशाच्या रिव्ह्यूपेक्षा भक्कम असतो, आणि तसं झालं तर तुम्ही फक्त पाठिंब्याचं निवेदन द्यायचं.

रिव्ह्यू अधिकाऱ्यांनीच आणावा याचं दुसरं कारण नावाचं आहे. तुम्ही अर्जदार असलात तर तुमचं नाव आणि पत्ता मालकाकडे जातो. धमकीची खरीखुरी भीती असेल तर अपवाद म्हणून तपशील झाकायची विनंती करता येते, पण ती सहज मान्य होत नाही. वॉर्डाचा कौन्सिलर किंवा रहिवासी संघ अर्जदार व्हायला तयार असेल तर विचार करा. आपल्यातले बरेच जण व्हिसा, भाड्याचं घर, ‘कशाला भानगडीत पडा’ या विचाराने मागे राहतात. रिव्ह्यू मागण्याचा व्हिसाशी काही संबंध नाही. घरमालकाला मात्र आधी सांगून ठेवा.

काय मागायचं

समितीपुढे पाच पर्याय असतात: अटी बदलणं किंवा वाढवणं, एखादी गोष्ट (उदा. संगीत) लायसन्समधून काढणं, डीपीएस हटवणं, जास्तीत जास्त तीन महिने लायसन्स निलंबित करणं, किंवा ते रद्द करणं. काहीच न करण्याची मुभाही तिला आहे. थेट ‘रद्द करा’ मागणारा अर्जदार बहुधा रिकाम्या हाताने परततो. अटी मागा, आणि त्या अशा मागा की रात्री एक वाजता, पावसात, एखादा अधिकारी दारात उभा राहून ‘मोडली’ की ‘पाळली’ एवढंच सांगू शकेल.

‘आवाज वाजवी ठेवावा’ ही अट निकामी आहे. वाजवी म्हणजे काय, हे भांडण आयुष्यभर चालेल. त्याऐवजी:

– सगळं संगीत लिमिटरमधूनच वाजेल. त्याची पातळी एन्व्हायर्नमेंटल हेल्थच्या अधिकाऱ्यासमोर ठरवून यंत्र सील केलं जाईल. बाहेरून आलेल्या डीजेचं स्वतःचं साउंड सिस्टिमही त्यातूनच जोडलं जाईल. (हे शेवटचं वाक्य सुटलं की डीजे आपले स्पीकर आणतो आणि लिमिटर कोपऱ्यात शोभेला राहतो.)
– रात्री ९ नंतर ये-जा सोडून सर्व दारं-खिडक्या बंद.
– मागची बाग रात्री १० ला रिकामी. धूम्रपानासाठी पुढच्या बाजूला एका वेळी जास्तीत जास्त १० जण, ग्लास बाहेर न नेता.
– शुक्रवारी-शनिवारी रात्री ९ पासून शेवटचा ग्राहक जाईपर्यंत एसआयए (सुरक्षारक्षकांना परवाने देणारी सरकारी संस्था) परवाना असलेले किमान दोन डोअर सुपरवायझर, म्हणजे बाउन्सर.
– सीसीटीव्ही, चित्रण ३१ दिवस ठेवलेलं, पोलिसांनी मागितल्यास २४ तासांत.
– रात्री ११ ते सकाळी ८ या वेळात बाटल्या बाहेरच्या डब्यात ओतायच्या नाहीत.
– व्यवस्थापकाचा मोबाइल नंबर शेजाऱ्यांना दिलेला, पब चालू असताना उचलला जाणारा. प्रत्येक तक्रार नोंदवहीत.

बाटल्यांची अट लोक विसरतात. रात्री पाऊण वाजता शंभर रिकाम्या बाटल्या एका दमात डब्यात ओतल्या जातात तो खळखळाट बासपेक्षाही जास्त झोपमोड करतो, आणि बंद करायला सगळ्यात सोपा आहे. आकडे तुमच्या जागेनुसार बदला. चाळीस माणसांच्या पबला चार बाउन्सर मागितलेत तर प्रस्तावच हास्यास्पद होतो. अट त्रासाच्या प्रमाणात असावी लागते.

बंद होण्याची वेळ अलीकडे ओढायची असेल तर सगळ्या रात्रींना एकच वेळ मागू नका. सातही दिवस ११ ला बंद मागण्यापेक्षा ‘रविवार ते गुरुवार ११, शुक्रवार-शनिवार १२’ ही मागणी पदरात पडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

अर्ज आणि २८ दिवस

कौन्सिलच्या वेबसाइटवर ठरावीक फॉर्म आहे. उद्दिष्टांच्या चौकटीत लागू असतील तेवढ्यांवरच खूण करा, चारही भरू नका. मजकूर दोन-तीन पानांचा पुरे: पबचं वर्णन तीन ओळींत, त्रासाचा सारांश, प्रत्येक उद्दिष्टाखाली चार-पाच ठळक तारखा, आधी केलेले प्रयत्न, मागितलेल्या अटी. डायरी, ईमेल, फोटो परिशिष्टात, पानांना क्रमांक घालून.

अर्ज कौन्सिलला देता त्याच दिवशी त्याची प्रत सगळ्या जोडपत्रांसह परवानाधारकाला आणि प्रत्येक ‘रिस्पॉन्सिबल ऑथॉरिटी’ला द्यावी लागते. त्यात पोलीस, अग्निशमन, एन्व्हायर्नमेंटल हेल्थ, प्लॅनिंग, ट्रेडिंग स्टँडर्ड्स, मुलांचं संरक्षण, पब्लिक हेल्थ, होम ऑफिसचा इमिग्रेशन विभाग असे सगळे येतात. यादी आणि पत्ते कौन्सिलकडे तयार असतात. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते इथं, कारण एक प्रत राहून जाते. सगळ्यांना एकाच वेळी ईमेल पाठवा, परवानाधारकाला त्याशिवाय रेकॉर्डेड पोस्टाने. परवानाधारक म्हणजे गल्ल्यावरचा मॅनेजर असेलच असं नाही. पुष्कळ पब कंपन्यांच्या नावावर असतात, म्हणून लायसन्सवरचं नाव आणि पत्ता वापरा.

अर्ज क्षुल्लक, त्रास देण्याच्या हेतूचा किंवा आधीचीच पुनरावृत्ती वाटला तर कौन्सिल तो फेटाळू शकते. बारा महिन्यांच्या आत त्याच मुद्द्यावर दुसरा रिव्ह्यू टिकणं कठीण, त्यामुळे कच्चा अर्ज घाईने टाकू नका.

स्वीकारला की कौन्सिल पबवर फिकट निळ्या कागदाची नोटीस लावते आणि २८ दिवस कुणालाही निवेदन देता येतं. हा महिना शेजाऱ्यांच्या दारी जाण्याचा. छापील मजकुरावर सही घेऊ नका. प्रत्येकाला आपल्या शब्दांत, आपल्या खिडकीतून काय दिसतं ते लिहू द्या. निवेदनात पत्ता हवाच. पबचे नेहमीचे ग्राहकही याच काळात पाठिंब्याची पत्रं लिहितात. ती शंभर आली तरी घाबरू नका, ‘इथलं वातावरण छान आहे’ हे तुमच्या ११:४७ चं उत्तर नव्हे.

सुनावणी

मुदत संपल्यावर कामाच्या २० दिवसांत सुनावणी सुरू व्हायला हवी. नोटीस किमान दहा कामाचे दिवस आधी येते. तुम्ही येणार आहात का आणि साक्षीदार कोण, हे सुनावणीच्या पाच कामाचे दिवस आधी लेखी कळवायचं असतं. हे न कळवता गेलात तर बोलायला मिळेलच असं नाही.

समोर तीन कौन्सिलर असतात, त्यांना सल्ला द्यायला एक वकील. दोन्ही बाजूंना सारखा वेळ, कधी दहा मिनिटं, कधी वीस. तुमच्या वतीने कुणीही बोलू शकतं, वकीलच हवा असं नाही. वेळ पाच जणांनी वाटून घेण्याऐवजी एकाने आराखडा मांडावा आणि एकाने फक्त एका रात्रीबद्दल बोलावं. कौन्सिलरांनी कागद वाचलेले असतात. त्यांना पान १४ वरची विटेची नोंद उघडायला लावा.

ऐनवेळी नवा व्हिडिओ दाखवायची परवानगी बाकी सगळ्या पक्षांनी होकार दिला तरच मिळते. मालकाचा वकील होकार देत नाही. जे दाखवायचं ते आधीच पाठवून ठेवा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी पबकडून तडजोडीचा प्रस्ताव येणं नेहमीचं आहे. तो वाचा. तुमच्या सातपैकी पाच अटी मान्य असतील तर उरलेल्या दोनवरच बोला, त्याने तुम्ही समंजस दिसता. मात्र ‘स्वेच्छेने करू’ असं लिहिलं असेल तर थांबा. जे लायसन्सवर चढत नाही ते मालक बदलला की जातं.

‘पब शंभर वर्षांपासून आहे, तुम्ही गेल्या वर्षी आलात’ हे ऐकायची तयारी ठेवा. उत्तर छोटं असावं: पब शंभर वर्षांचा आहे, स्पीकर दोन वर्षांचे आहेत. तसं खरोखर असेल तरच, अर्थात. लायसन्समध्ये बदल कधी झाले ते रजिस्टरमधून आधी काढून ठेवा.

निकाल लागल्यावर

निर्णय त्याच दिवशी किंवा पाच कामाच्या दिवसांत होतो आणि लेखी कारणांसह येतो. तो लगेच लागू होत नाही. दोन्ही बाजूंना मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करायला २१ दिवस असतात, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत जुनं लायसन्स जुन्या अटींवर चालू राहतं. पबने अपील केलं तर कोर्टात बचाव कौन्सिल करते, तुम्ही साक्षीदार म्हणून लागाल. अपील तुम्ही केलंत आणि हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, तेव्हा त्याआधी वकिलाशी बोलाच.

या काळात डायरी थांबवू नका. अपिलात कोर्ट प्रकरण नव्याने ऐकतं आणि समितीच्या निर्णयानंतरचा पुरावाही बघतं. अपील झालं नाही तर बाविसाव्या दिवशी नवं लायसन्स रजिस्टरवरून उतरवून घ्या. अटी मान्य झालेल्या शब्दांतच चढल्यात का ते ओळीओळीने ताडून बघा, आणि मग येणाऱ्या पहिल्या शनिवारी रात्री दहाला मागच्या बागेत दिवा चालू आहे का ते खिडकीतून पाहून वेळ लिहा.